वहीतली उचल

चोपडा तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराचं चार पानी पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणून बजावलंय, तेव्हा पत्रातला मुख्य मजकूरच देते.

‘ताई, गेल्या भादव्यात शेतीपंपाची लाइट रात्रीच्या पाळीला होती. मोटारीवरचा ऑटो (लाइट आली की पंप आपोआप सुरू करणारा) जळालेला. दुरुस्तीला टाकायचा राहून गेला, केळीला भाव नव्हता, हात आखडता होता. म्हणून लाइट आली की कोणीतरी विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, जायचा. अकरा वर्षं होता आमच्याकडे. त्याने दोन वेळा बॅटरी मागितली, गमबूट मागितले. मी म्हणालो, पुढच्या बाजाराला बघू. त्या रात्री तो मोबाइलच्या उजेडात गेला. बागेतल्या वाळक्या पानांत पाय पडला आणि घोणस चावली. त्याच्या भावाने आधी भगताकडे नेलं, दोन तास तिथे गेले. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून जळगाव. तिसऱ्या दिवशी गेला.

मी जबरदस्ती केली नव्हती, तो आपल्या मर्जीने जायचा. शेजारचा बागायतदार आजही त्याच्या माणसाला रात्री चपलेवर पाठवतो. त्याच्याकडे काही घडलं नाही, तो निवांत झोपतो. गाव म्हणतं, त्याची वेळ भरली होती. दहाव्याला त्याची बायको माझ्याकडे बघून एकच बोलली, “त्यास्नी बॅटरी मांगेल व्हती ना?” तेव्हापासून मी त्या गल्लीने जात नाही. तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंय. सांगा, माझा दोष किती धरायचा? शंभरात किती?

ता. क. – त्याच्या उचलीचे, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले, चाळीस हजार वहीत तसेच आहेत. पाडव्याला नवा सालदार ठेवला. त्या पैशांचं काय करावं?’

भाऊ,

‘शंभरात किती’ म्हणालात, तिथूनच सुरू करू. आपला खान्देश काट्यावर जगतो. माल काट्यावर गेला की कटती वजा करायची आणि उरेल त्याचे पैसे मोजायचे, ही सवय अंगात मुरलेली. दोषाचंही तुम्ही तसंच मांडलंय. लाइट रात्रीची आली, तेवढी कटती. भगताकडे दोन तास गेले, ते त्याच्या भावाच्या नावावर. भाव पडला, ते बाजाराच्या नावावर. एवढं वजा करून तुमच्या वाट्याला काय उरतं, ते मी सांगायचं.

पण समजा, गावाबाहेर कठडा पडलेली एक विहीर आहे. रोज पाच जण तिच्यावरून जातात, पाचांनाही दिसते, पाचही जण म्हणतात, बघू. एका संध्याकाळी त्यात पोर पडलं. पाचांना वीस-वीस टक्के द्यायचे का? दहा जण जात असते तर दहा-दहा? मग मोठ्या गावात दोष स्वस्त आणि पाड्यावर महाग, असं व्हायचं. कोर्टात भरपाई वाटून द्यावी लागते, कारण रुपये मोजता येतात. दोषाचं तसं नाही. दुसऱ्याचा निघाला म्हणून आपला कमी होत नाही. लाइट रात्री देणं चूक असेल तर ती अख्खी चूक आहे. तुमचं ‘पुढच्या बाजाराला बघू’ हेही अख्खंच आहे.

त्याच्या भावाला मात्र या ओळीत उभं करू नका. रात्री दोनला घाबरलेल्या माणसाने, त्याला जे लहानपणापासून औषध म्हणून ठाऊक होतं, ते केलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात असते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. मग अकरा वर्षांत तुम्ही ते त्याच्या घरात बोलला होता का? हे मी टोचायला विचारत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी अज्ञानात दोन प्रकार केले. एक अज्ञान माणसाच्या हातात नसतं, तिथे आपण त्याला माफ करतो. दुसरं त्याच्या हेळसांडीतून आलेलं असतं, तिथे ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. दारू पिऊन केलेल्या गुन्ह्याला काही ठिकाणी दुप्पट शिक्षा होती, असंही तो नोंदवून ठेवतो. कारण न पिणं त्या माणसाच्या हातात होतं.

साप निघेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि ते मला आवडलं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. भादवा, रात्र, केळीची बाग, खाली ओल आणि वाळकी पानं, त्यात उंदीर. घोणस दुसरीकडे कुठे राहील? बॅटरी मागणाऱ्या माणसाला हे आकड्यांशिवाय कळत होतं.

आता ‘आपल्या मर्जीने जायचा’ याकडे वळते. अ‍ॅरिस्टॉटलचंच उदाहरण घेते. वादळात जहाज बुडायला लागलं की खलाशी माल समुद्रात फेकतात. फेकणारे हात त्यांचेच असतात, कोणी मानेवर सुरी ठेवलेली नसते. तरी वादळ नसतं तर कोणता शहाणा आपला माल पाण्यात टाकेल? असल्या कृतींना तो मिश्र म्हणतो. अंगावर चाळीस हजारांची उचल आहे, साल संपायला सात महिने आहेत, असा माणूस रात्री उठून ‘जातो मालक’ म्हणतो, तेव्हा त्याची मर्जी याच जातीची असते. तुम्ही जबरदस्ती केली नाही हे खरं. करायची गरज नव्हती, हेही खरं.

तुमचा शेजारी हा या पत्रातला सगळ्यात अवघड भाग आहे. तत्त्वज्ञानात यावर खूप शाई सांडलीय.

माझीच गोष्ट सांगते. आखाजी, आपली झोक्यांची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय म्हणून आठवण झाली. मी तेरा वर्षांची, माहेरच्या वाड्यातल्या निंबाला झोका मी बांधला. दोर जुना होता, एका जागी पीळ सुटून तंतू बाहेर आलेले. मला दिसलं होतं. तिथे चिंधी गुंडाळली आणि गाठ मारली. चार पोरी झोका घेऊन उतरल्या. पाचवी माझी आतेबहीण. दोर तुटला, ती ओट्यावर आदळली, कोपर मोडलं. आज ती साठीची आहे. परवा आमच्याकडे आली होती, पन्हं ओतताना तांब्या तिरपा धरत होती, कारण तो हात अजून पुरता सरळ होत नाही. घरातल्यांनी तेव्हा दोराला दोष दिला. मला कोणी रागावलंसुद्धा नाही. (महाभारतातल्या मांडव्य ऋषींनी चौदा वर्षांपर्यंतच्या पोराला पाप लागणार नाही अशी मर्यादा घालून दिलीय. त्या हिशेबाने मी एका वर्षाने सुटते. पण तिने तांब्या उचलला की माझी नजर तिच्या कोपरावर जाते ती जातेच.)

चौथ्या पोरीवर दोर तुटला नाही, म्हणून तोवर मी निर्दोष आणि पाचवीला दोषी, असं कसं होईल? चिंधी तर पहिल्या झोक्याआधीच गुंडाळली होती.

नेमका हाच प्रश्न १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एका परिसंवादात मांडला. नाव दिलं, नैतिक नशीब. नेगेलचा ट्रकवाला ब्रेक तपासायचा आळस करतो. रस्त्यात पोर आडवं आलं तर तो आयुष्यभर त्या ओझ्याखाली. नाही आलं तर चहा पिऊन घरी. आळस तोच. आपण दोषाच्या बाबतीत म्हणतो की माणसाच्या हातात जे आहे तेवढंच धरावं, आणि प्रत्यक्षात पोर आडवं आलं की नाही यावर सगळा निवाडा करतो. नेगेलला यातून वाट सापडली नाही आणि तसं तो कबूलही करतो. तत्त्वज्ञ इतकं प्रामाणिक क्वचित असतात.

आपल्याकडे जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात याचं एक टोक पक्कं धरलंय. हिंसेची व्याख्या करताना ते म्हणतात, ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. सगळा भार त्या पहिल्या शब्दावर आहे. जैन आचार्य त्याचा अर्थ असा लावतात की डोळे खाली ठेवून, पाऊल बघून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली किडा आला तरी त्याला हिंसेचा दोष लागत नाही. बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काही मेलं नाही तरी लागतो. म्हणजे तुमचा शेजारी दोषीच आहे, आजही, या घटकेला. त्याचा साप अजून निघालेला नाही, एवढंच.

हे वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल तर जरा थांबा. विल्यम्सचा ट्रकवाला वेगळा आहे. त्याचे ब्रेक ठीक, वेग ठीक, काडीचीही चूक नाही, तरी पोर चाकाखाली येतं. आपण त्याला सांगतो, बाबा, तुझा दोष नाही, आणि ते खरंच असतं. पण त्याने लगेच ‘हो ना, नाहीच’ म्हणून विडी पेटवली तर आपल्याला तो माणूस कसासाच वाटेल. रस्त्याकडेला उभा राहून अपघात बघणाऱ्यालाही हळहळ वाटते. चालवणाऱ्याची खंत त्याहून निराळी असते, ‘हे माझ्या हातून झालं’ अशी. चूक नसताना जर ती खंत योग्य, तर चूक असताना किती!

मला जे म्हणायचंय ते इथे आहे, भाऊ. चूक तुमची आणि शेजाऱ्याची सारखीच, तिथे तुम्हाला जास्त मार्क देता येत नाहीत. देणं मात्र सारखं नाही. तुमच्या वावरात, तुमच्या शब्दावर, तुमच्या मोटारीकडे जाताना एक माणूस गेला. शेजाऱ्याच्या दारात अशी बाई उभी नाही. तुम्ही दोषाचा आकडा विचारताय आणि तुमच्यापुढे उभा आहे तो देण्याचा प्रश्न. आकडा मिळाला की फाइल बंद करता येते. देण्याचं तसं होत नाही, ते फेडत जावं लागतं.

राहिलं गाव. ‘वेळ भरली होती.’ हे वाक्य आपल्याकडे इतकं जुनं आहे की त्याची एक अख्खी कथा आहे. अनुशासनपर्वाच्या सुरुवातीलाच येते. भीष्म शरपंजरी पडलेले, युधिष्ठिर स्वतःला दोष देतोय. तेव्हा भीष्म गौतमीची गोष्ट सांगतात. गौतमी नावाच्या म्हातारीचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा पारधी त्या सापाला बांधून तिच्यासमोर आणतो आणि विचारतो, कसा मारू? ती म्हणते, सोड, याला मारून माझा मुलगा परत येणार नाही. पारधी ऐकत नाही. साप म्हणतो, मी परतंत्र, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळाने पाठवलं. मग काळ येतो आणि म्हणतो, आम्हा कोणाचाच दोष नाही, मुलाच्या स्वतःच्या कर्माने हे झालं. शेवटी गौतमी म्हणते, आणि माझ्याही कर्माने. पारध्याकडून साप सोडवते.

ही गोष्ट कीर्तनात ऐकली की वाटतं, चला, दोष कोणाचाच नाही. मी ती वर्गात शिकवताना पोरांना विचारायची, यात दोष झटकतं कोण आणि दोष सोडतं कोण? साप, मृत्यू, काळ, तिघंही पुढच्याकडे बोट दाखवतात. एकटी गौतमी स्वतःकडे दाखवते. ‘कर्म होतं’ हे तिने म्हटलं तर त्यात मोठेपण आहे, कारण गेलेला मुलगा तिचा आहे. तेच वाक्य सापाने म्हटलं की वकिली होते. ‘वेळ भरली होती’ असं तुमच्या सालदाराची बायको म्हणाली तर तिच्या पायावर डोकं ठेवा. गावाने तिच्या वतीने ते तुम्हाला म्हणू नये, आणि तुम्ही तर मुळीच ऐकून घेऊ नये.

अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. गिरणीमालकाने वेदान्तासाठी पैसा ओतावा, हा आमच्या गावचा एक वेगळाच नमुना. तिथल्या वाचनालयात, पंख्याच्या घरघरीत, मी पहिल्यांदा पीटर स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाचं १९६२ सालचं व्याख्यान वाचलं. त्याचा मुद्दा साधा आणि खोल आहे. कोणी आपल्या पायावर पाय दिला तर राग येतो. तो अपघाताने होता कळलं की निवतो. पण काहींवर आपण रागावतच नाही. तान्हं बाळ, वेड लागलेला माणूस. त्यांच्याशी आपण सांभाळून वागतो, त्यांना आवरतो, त्यांचा हिशेब मागत नाही. राग धरणं म्हणजे समोरच्याला आपल्याबरोबरीचा, जाब देऊ शकणारा माणूस मानणं.

सापाला कोणी जाब विचारत नाही. गाव तुम्हाला ‘वेळ भरली होती’ म्हणतं तेव्हा प्रेमाने का होईना, तुम्हाला सापाच्या रांगेत उभं करतं. ‘त्यास्नी बॅटरी मांगेल व्हती ना’ हे त्या बाईने भगताला विचारलं नाही, लाइटवाल्यांना विचारलं नाही, तुम्हाला विचारलं. अकरा वर्षं तिच्या घरातल्या माणसाने ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्याकडून तिला उत्तराची अपेक्षा आहे अजून. आठ महिने तुम्ही ती गल्ली टाळताय, म्हणजे आठ महिने तिला उत्तर मिळालेलं नाही.

उत्तर एका शब्दाचं आहे: मागितली होती. मग दुसरं वाक्य: मी दिली नाही. त्याच्यापुढे ‘पण’ लावायचा नाही. भाव, ऑटो, लाइट यांतलं काही नाही. आणि माफीही मागू नका, निदान त्या दिवशी नको. माफी मागितली की ती बाई ‘जाऊ द्या मालक’ म्हणेल, तिला म्हणावंच लागेल, लेकरांना घेऊन त्याच गावात राहायचंय तिला. म्हणजे तुमचं ओझं उतरवायचं कामही तिच्याच डोक्यावर. सांगून गप्प बसा. ती रडली, बोलली, शिव्या दिल्या, चहा दिला, जे होईल ते.

तुमचा ताजा कलम मी मुद्दाम शेवटाला ठेवला. चार पानांत दोषाची चर्चा आणि ता. क. मध्ये चाळीस हजार. मला तर खरं पत्र ताजा कलमातच दिसलं. त्या बाईकडे जायच्या आधी वही काढा, त्या पानावर रेघ मारा, तारीख घाला. जाऊन ‘तुमची उचल माफ केली’ असं म्हणायचं नाही. माफ करणारे तुम्ही कोण? ‘उचल राहिलेली नाही’ एवढंच. आणि सालाचे जे महिने त्याने भरले त्यांचा हिशेब करून तिचं निघत असेल ते वेगळं द्या, बँकेतून, तिच्या खात्यावर.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी लिहिते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तीत साप चावून मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. त्या रात्री तुम्ही स्वतः स्टार्टर दाबायला गेला असता आणि तुम्हाला चावली असती, तर तुमच्या घरच्यांना अर्ज करता आला असता. तो गेला तुमच्या जागी, आणि त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. हा कायदा कसा असावा यावर वेगळं लिहीन कधीतरी. पण किती द्यायचं, असा आकडाच हवा असेल तर माझ्याकडे एवढा एक आहे. एकदम जमणार नसेल तर पोरांच्या शाळेला जोडून वर्षावर्षाला द्या, पण कागद करून द्या. तुमच्या माघारी तुमच्या मुलांनाही ते पाळता यावं. कायद्याने काय लागतं ते तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत फुकट विचारता येतं. तिलाही घेऊन जा.

शेजाऱ्याला भाषण देऊ नका, तो ऐकणार नाही. त्याच्या बांधावर जाऊन तिचं ते एक वाक्य सांगा आणि या.

आणि ऑटो दुरुस्त झाला का, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. नव्या सालदाराला गमबूट आणलेत का, तेही नाही. आणायला निघालात तर अंदाजाने आणू नका. बांधावर उभं करून त्याच्या पायाचं माप कागदावर पेन्सिलने उतरवून घ्या. लहान बूट लोक बाजूला काढून ठेवतात आणि चपलेवरच जातात.